फायरफॉक्स बीटा: तुमची तक्रार कामाची कशी ठरते

‘नवीन अपडेट आल्यापासून ब्राउझर स्लो झालाय.’ कुठल्याही बीटा आवृत्तीवर, म्हणजे सगळ्यांना देण्याआधी चाचणीसाठी काढलेल्या आवृत्तीवर, येणारा हा ठरलेला शेरा. बहुतेक वेळा तो खराही असतो, आणि तरी त्याचं कुणाला काही करता येत नाही. कोणत्या बिल्डपासून (म्हणजे कोडच्या कोणत्या तयार प्रतीपासून), कसल्या मशीनवर, काय केल्यावर, यातलं काहीच त्यात नसतं. बीटा वापरणाऱ्याजवळ डेव्हलपरकडे नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे प्रत्यक्ष बिघाड दाखवणारं मशीन. त्या मशीनवर अर्धा तास घालवून बिघाड कुठे आहे याचा शोध जेवढा जवळ आणून ठेवाल, तेवढी तो दुरुस्त होण्याची शक्यता वाढते. हे कसं करायचं ते इथे फायरफॉक्सच्या बीटावरून पाहू. क्रोम किंवा एजमध्ये मेन्यू वेगळे आहेत, विचार तोच.

पुढे ‘अबाउट:सपोर्ट’ असे पत्ते येतील. ते अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजी अक्षरांत, मधल्या कोलनसकट, जागा न सोडता टाइप करायचे.

चार आठवड्यांची खिडकी

फायरफॉक्सचा नवा कोड आधी नाइटली नावाच्या सगळ्यात कच्च्या आवृत्तीत येतो. नाइटलीचं नवं बिल्ड साधारण दिवसातून दोनदा निघतं. तिथून तो बीटात आणि मग सगळ्यांसाठीच्या रिलीजमध्ये जातो. ही वेळापत्रकाची पद्धत २०११ मध्ये सुरू झाली तेव्हा एक टप्पा सहा आठवड्यांचा होता, २०२० पासून तो चार आठवड्यांवर आला. डेव्हलपर एडिशन नावाची निळ्या चिन्हाची आवृत्ती बीटाच्याच कोडवर बनते.

बीटात सापडलेल्या चुकीची दुरुस्ती थेट बीटात होत नाही. ती आधी नाइटलीत जाते, तिथे टिकते का ते पाहतात आणि मग रिलीज सांभाळणाऱ्यांची परवानगी घेऊन ती बीटात आणतात. याला ‘अपलिफ्ट’ म्हणतात. परवानगी देताना मुख्य प्रश्न एकच असतो: हा बदल आणल्याने आणखी काही मोडेल का? चार ओळींची दुरुस्ती सहज मंजूर होते. चारशे ओळींची बहुधा होत नाही. मग दोनच वाटा उरतात, ज्या बदलामुळे बिघाड झाला तो मागे घेणं, नाहीतर ती सुविधा सेटिंगमधून बंद करून रिलीज काढणं. म्हणून बीटावरच्या चांगल्या तक्रारीचं फळ पुष्कळदा ‘नवी सुविधा या वेळी आली नाही’ एवढंच दिसतं. हे अपयश समजू नका, बीटा असतोच त्यासाठी.

यातून वेळेचं गणितही कळतं. बीटाच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या तक्रारीला तीन आठवडे मिळतात. शेवटच्या आठवड्यात रिलीज कँडिडेट, म्हणजे रिलीजची जवळजवळ अंतिम प्रत, तयार होत असतो. तेव्हा फक्त अगदी गंभीर चुकांसाठीच हात घातला जातो. आवृत्तीच्या क्रमांकात ‘बी’ अक्षरानंतरचा आकडा पाहिला की आपण चक्रात कुठे आहोत ते समजतं. बी१, बी२ म्हणजे सुरुवात.

दोन गोष्टींनी लोक हमखास गोंधळतात. काही सुविधा मुद्दाम बीटाच्या पहिल्या अर्ध्या भागातच चालू ठेवतात आणि नंतरच्या बिल्डमध्ये बंद करतात. ‘काल होतं, आज गायब’ याचं कारण अनेकदा एवढंच असतं. दुसरं म्हणजे दूरस्थ प्रयोग. एकाच बीटावर बसलेल्या दोघांपैकी एकालाच नवा साइडबार दिसू शकतो, कारण तो प्रयोगाच्या गटात आहे. आपण कोणत्या प्रयोगात आहोत ते अबाउट:स्टडीज इथे दिसतं. तक्रारीत ते लिहिलं नाही, तर समोरच्याला बिघाड दिसणारच नाही आणि दोघंही एकमेकांना चुकीचं समजत बसतील.

बीटात सगळं सापडतं असंही नाही. १३ जानेवारी २०२२ रोजी जगभरातले फायरफॉक्स जवळजवळ दोन तास बंद पडल्यासारखे झाले होते. एचटीटीपी/३ या सर्व्हरशी बोलण्याच्या नव्या पद्धतीच्या कोडमध्ये एका हेडरच्या (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीच्या) नावातल्या लहान-मोठ्या लिपीचा घोळ आधीपासून होता. त्या दिवशी क्लाउड सेवेच्या सर्व्हरवर एचटीटीपी/३ चालू झालं, त्याच सेवेशी ब्राउझर स्वतःहून बोलायला गेला आणि नेटवर्कचं काम न संपणाऱ्या चक्रात अडकलं. सर्व्हर बदलेपर्यंत कितीही परीक्षक असते तरी हे दिसलं नसतं. उलट उदाहरण आवृत्ती १०० चं. ब्राउझरच्या ओळखीत तीन आकडी क्रमांक आला की काही जुन्या वेबसाइट फसतील, हे आधीच ओळखून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०२१ मध्येच काही नाइटली वापरकर्त्यांकडे शंभरचा आकडा पाठवून पाहिला. खरी आवृत्ती १०० मे २०२२ मध्ये आली, तोवर ठोकर लागणाऱ्या जागा माहीत झाल्या होत्या.

बीटा बसवताना

विंडोजवर बीटा आणि रिलीज एकाच नावाच्या फोल्डरमध्ये बसतात. इन्स्टॉलरला ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलात तर रोजचा फायरफॉक्स जाऊन त्याच्या जागी बीटा येतो. दोन्ही हवे असतील तर कस्टम इन्स्टॉल निवडून वेगळं फोल्डर द्या, किंवा सरळ डेव्हलपर एडिशन घ्या. ती आपलं वेगळं फोल्डर घेऊन येते. अँड्रॉइडवर ही अडचण नाही, तिथे बीटा स्वतंत्र अ‍ॅप आहे.

बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी हे सगळं प्रोफाइल नावाच्या फोल्डरमध्ये असतं. मे २०१९ मधल्या आवृत्ती ६७ पासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला आपलं वेगळं प्रोफाइल मिळतं. त्याच वेळी आणखी एक नियम आला: नव्या आवृत्तीने उघडलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडत नाही, नवं प्रोफाइल बनवा म्हणते. बीटाला कंटाळून रिलीजवर परतणारे इथेच अडकतात आणि ‘माझे बुकमार्क उडाले’ म्हणतात. बुकमार्क उडालेले नसतात, जुन्या आवृत्तीने त्या प्रोफाइलला हात लावायचं नाकारलेलं असतं. नव्या आवृत्तीत आतल्या डेटाबेसची रचना बदललेली असू शकते, म्हणून ही खबरदारी. तेव्हा बीटा बसवायच्या आधी अबाउट:प्रोफाइल्स उघडा, ‘रूट डिरेक्टरी’समोरचं फोल्डर पाहून ठेवा, फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि ते फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. सिंक चालू आहे म्हणून हे टाळू नका. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं.

बिघाड कुणाचा ते आधी ठरवा

काहीतरी मोडलं की पहिला मोह होतो ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ हे बटण दाबायचा. निदान तक्रार लिहून होईपर्यंत तरी ते दाबू नका. त्याने एक्स्टेन्शन आणि बदललेल्या सेटिंग निघून जातात. बिघाड गेला तरी तो कशाने होत होता ते कळायची सोय उरत नाही.

त्याऐवजी हेल्प मेन्यूतून ‘ट्रबलशूट मोड’ घ्या. विंडोजवर शिफ्ट किंवा मॅकवर ऑप्शन दाबून ब्राउझर उघडला तरी चालतं. या अवस्थेत एक्स्टेन्शन, थीम, हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन (ग्राफिक्स कार्डाची मदत) आणि जावास्क्रिप्ट वेगाने चालवणारा कंपायलर हे सगळं तात्पुरतं बंद असतं. बिघाड तसाच राहिला, तर यातलं काही कारण नाही. बिघाड गेला, तर नेमकं कोण ते शोधायचं. साधारण रोजच्या अवस्थेत परत या आणि सगळी एक्स्टेन्शन बंद करा. बरं वाटलं तर अर्धी चालू करा, पुन्हा पाहा, पुन्हा अर्धी. बारा एक्स्टेन्शन असली तरी चार फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो.

एक्स्टेन्शन बंद करूनही फरक पडला नाही, तर सेटिंगमध्ये ‘जनरल’खाली ‘परफॉर्मन्स’ शोधा. शिफारस केलेल्या सेटिंगची खूण काढली की खाली हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशनची खूण दिसते. तीही काढून ब्राउझर पुन्हा सुरू करा. पडदा लुकलुकणं, काळे चौकोन, व्हिडिओत हिरवे पट्टे, स्क्रोल करताना मजकूर फाटणं हे याने थांबलं, तर संशय ग्राफिक्सच्या कोडवर किंवा ड्रायव्हरवर जातो. तेव्हा अबाउट:सपोर्टमधला ‘ग्राफिक्स’ हा भाग तक्रारीत असलाच पाहिजे, कारण त्यात कार्डाचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख असते.

मग कोरं प्रोफाइल. अबाउट:प्रोफाइल्समध्ये नवं बनवा, ते नव्या खिडकीत सुरू करा, तेच करून पाहा. कोऱ्या प्रोफाइलवर बिघाड दिसला तर तक्रार पक्की झाली म्हणायला हरकत नाही. दिसला नाही, तर जुन्या प्रोफाइलमधल्या बदललेल्या सेटिंग पाहा. अबाउट:कॉन्फिग या आतल्या सेटिंगच्या यादीत वर्षांपूर्वी कुठलं तरी ‘वेग वाढवा’ छापाचं मार्गदर्शन वाचून बदललेली एखादी ओळ आवृत्त्यांमागून आवृत्त्या तशीच राहते. ज्यांनी यूजरक्रोम फाइल लिहून ब्राउझरचा चेहरा बदलला आहे, त्यांनी टॅबबारबद्दल तक्रार करण्याआधी ती फाइल काढून पाहावी. त्या फाइलला कोणतीही हमी नसते आणि ती ठेवून केलेल्या तक्रारी लगेच परत येतात.

शेवटी तेच पान क्रोममध्ये उघडा. फक्त एकच वेबसाइट फक्त फायरफॉक्समध्ये बिघडत असेल, तर तिचा रस्ता वेगळा आहे: मेन्यूतलं ‘रिपोर्ट ब्रोकन साइट’. तिथून ती वेबसाइटची सुसंगती पाहणाऱ्या गटाकडे जाते. आणि दोन्ही ब्राउझरमध्ये तेच दिसत असेल, तर वेबसाइटवाल्यांना कळवा.

‘स्लो’ आणि ‘बंद पडला’ यांचे पुरावे

मंदपणा शब्दांत सांगता येत नाही, तो नोंदवावा लागतो. आधी अबाउट:प्रोसेसेस उघडा. कोणता टॅब किंवा एक्स्टेन्शन प्रोसेसर आणि मेमरी खात आहे ते तिथे दिसतं. निम्म्या वेळा तपास इथेच संपावा. नाही संपला तर फायरफॉक्स प्रोफायलर, म्हणजे ब्राउझरचा वेळ कुठे जातो ते नोंदवणारं साधन. त्याच्या पानावरून मेन्यूचं बटण टूलबारवर आणा, कंट्रोल, शिफ्ट आणि १ दाबून नोंद सुरू करा, मंदपणा जिथे जाणवतो ती कृती दहा-पंधरा सेकंद करा, कंट्रोल, शिफ्ट आणि २ दाबा. तयार होणाऱ्या आलेखाची लिंक तक्रारीत द्या. दोन मिनिटांची नोंद पाठवू नका. जुनी माहिती पुसून नवी लिहिली जाते आणि हवा तो क्षणच हरवतो. नोंद करताना बाकीचे टॅब बंद ठेवा, कारण अपलोड करताना वगळलं नाही तर उघड्या पानांचे पत्ते त्यात जाऊ शकतात.

ब्राउझर कोसळला तर क्रॅश रिपोर्ट पाठवा आणि नंतर अबाउट:क्रॅशेस उघडा. ‘बीपी’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक हा त्या क्रॅशचा पत्ता. त्याचे शेवटचे सहा अंक म्हणजे तारीख: वर्ष, महिना, दिवस. यादीतून आजचा क्रॅश कोणता ते त्यावरून चटकन कळतं. दोन-तीन क्रमांक द्या, एकावर थांबू नका. तीनही क्रॅश कोडच्या एकाच ओळीवर झाले असतील तर ती फायरफॉक्सची चूक असायची दाट शक्यता. दरवेळी वेगळीच जागा येत असेल, तर रॅम किंवा प्रोसेसर तपासा. हे टोलवाटोलवीचं उत्तर नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही प्रोसेसरच्या अस्थिरतेमुळे होणारे क्रॅश मोझिलाकडे इतके आले की त्यांचा स्वतंत्र विचार करावा लागला.

नेमक्या बदलापर्यंत पोचणं

‘आधी चालत होतं, आता नाही’ अशा बिघाडाला रिग्रेशन म्हणतात, आणि बीटात सगळ्यात जास्त किंमत त्यालाच असते. तो शोधायला मोझरिग्रेशन हे मोफत साधन आहे. त्याची खिडकीवाली आवृत्तीही मिळते, कमांड टाइप करायला लागत नाही. त्याला एक चांगली तारीख आणि एक वाईट तारीख द्यायची. ते मधल्या तारखेचं नाइटली बिल्ड उतरवून कोऱ्या तात्पुरत्या प्रोफाइलवर उघडतं. तुम्ही बिघाड करून पाहायचा आणि ‘गुड’ किंवा ‘बॅड’ सांगायचं. दर उत्तराला शोध निम्मा होतो. वर्षभराच्या बिल्डांतून एक दिवस गाठायला नऊ फेऱ्या पुरतात. पुढे ते त्या दिवसातल्या एकेका बदलाची बिल्डं तपासतं आणि शेवटी संशयित बदलांची छोटी यादी हातात देतं. ही लहान बिल्डं साधारण वर्षभरच ठेवली जातात, तेव्हा जुन्या बिघाडासाठी दिवसापर्यंतच पोचता येतं.

प्रत्येक बिल्ड साठ-सत्तर एमबीच्या पुढेच असतं. पंधरा फेऱ्या म्हणजे एक जीबीहून जास्त, म्हणून मोबाइल डेटावर हे करू नका. बिघाड कधीकधीच दिसत असेल तर हे साधन फसवतं, कारण एक चुकीचं ‘गुड’ सगळा शोध भलत्या बाजूला नेतं. अशा वेळी प्रत्येक बिल्डवर कृती पाच-सहा वेळा करून मगच उत्तर द्या.

देवनागरीतले बिघाड

ही आपल्या वाट्याची जागा आहे. मराठी मजकूर रोज वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याखेरीज इथली चूक दुसऱ्या कुणाला दिसत नाही. ‘तऱ्हा’तला ऱ्ह किंवा ‘दुसऱ्या’तला ऱ्या तुटून रफार झाला, तर परदेशातल्या परीक्षकाला काहीच खटकणार नाही.

फायरफॉक्स आणि क्रोम दोघंही अक्षरं जोडायला हार्फबझ हेच इंजिन वापरतात. म्हणून दोन्हीकडे, एकाच फाँटमध्ये, तीच चूक दिसली तर आधी फाँटवर संशय घ्या. फाँट कोणता ते अंदाजाने सांगू नका. मजकुरावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा आणि ‘फाँट्स’ हा भाग उघडा. प्रत्यक्ष वापरलेला फाँट तिथे दिसतो. विंडोजवर तो बहुधा निर्मला असतो, लिनक्सवर लोहित किंवा नोटो, मॅकवर कोहिनूर. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदली आहे की हिंदी, हेही त्याच इन्स्पेक्टरमध्ये पाहा. नोटोसारख्या काही फाँटमध्ये मराठीसाठी ल आणि श यांची वेगळी वळणं असतात, आणि ती भाषेची नोंद पाहूनच निवडली जातात. नोंद चुकली असेल तर वळण हिंदीचं येतं, त्यात ब्राउझरचा दोष नसतो.

तक्रारीत फक्त चित्र देऊ नका, मजकूरही चिकटवा. ‘र’पासून बनलेला आणि ‘ऱ’पासून बनलेला अर्धा र हे युनिकोडमध्ये वेगळे असतात. चित्रावरून आत काय टाइप झालं होतं ते कळत नाही. टाइप करतानाचा बिघाड असेल तर कीबोर्ड कोणता तेही सांगा, म्हणजे इनस्क्रिप्ट, फोनेटिक की वेगळं अ‍ॅप. आणि बॅकस्पेसने फक्त शेवटची मात्रा पुसली जाते, डिलीटने अख्खं जोडाक्षर जातं, ही ठरवून ठेवलेली वागणूक आहे. ती नोंदवायची गरज नाही.

बगझिलावर लिहिताना

मोझिलाच्या तक्रारी बगझिलामध्ये नोंदवतात. ही व्यवस्था १९९८ पासून चालू आहे. भाषा इंग्रजी, पण साधी, तुटक इंग्रजी चालते. मथळ्यात भावना नको, घटना हवी. ‘बीटा अगदी वाईट’ याऐवजी ‘पीडीएफमध्ये देवनागरी शब्द शोधला की टॅब गोठतो’. पुढे मजकूर असा असावा:

‘आवृत्ती आणि बिल्ड आयडी अबाउट:सपोर्टमधून. विंडोज ११. कोऱ्या प्रोफाइलवर, दहापैकी दहा वेळा. १. जोडलेली पीडीएफ उघडा. २. कंट्रोल आणि एफ दाबा. ३. चौकटीत “शेतकरी” टाइप करा. अपेक्षित: शब्द ठळक होतो. प्रत्यक्षात: टॅब वीस सेकंद प्रतिसाद देत नाही. रिलीजमध्ये असं होत नाही. मोझरिग्रेशनचा निकाल खाली.’

यातली ‘दहापैकी दहा’ ही दोन शब्दांची नोंद सोन्यासारखी असते. दहापैकी दोनदाच होत असेल तर तेही तसंच लिहा. एका तक्रारीत एकच बिघाड. चार बिघाड एकत्र लिहिले तर एक दुरुस्त झाल्यावर तक्रार बंद होते आणि तीन वाऱ्यावर जातात.

बगझिला सार्वजनिक आहे. अबाउट:सपोर्टचा मजकूर कॉपी करताना एक्स्टेन्शनची यादी आणि बदललेल्या सेटिंग त्यात जातात. चिकटवण्याआधी नजर फिरवा, ऑफिसच्या आतल्या सर्व्हरची नावं असतील तर काढा. बँकेच्या किंवा मेलच्या पानाचं चित्र देताना नाव आणि क्रमांक झाका. बिघाडाचा गैरवापर होईल असं वाटलं तर सुरक्षेची खूण करायला विसरू नका, मग ती नोंद सगळ्यांना दिसत नाही.

मत मांडायचं असेल, उदाहरणार्थ नवं बटण आवडलं नाही किंवा अमुक सोय हवी, तर ती जागा बगझिला नव्हे. त्यासाठी मोझिला कनेक्ट आहे. तिथल्या मागण्या कुणी वाचत नाही असा समज आहे, पण टॅबचे गट करण्याची सोय हे त्याला चांगलं उत्तर. २०१६ मध्ये ती काढून टाकली होती. कनेक्टवर तिलाच सर्वाधिक मतं मिळाली आणि एप्रिल २०२५ मधल्या आवृत्ती १३८ मध्ये ती परत आली.

नोंदवल्यानंतर

गंभीरतेची एस१ ते एस४ अशी श्रेणी विकसकांचा गट ठरवतो, नोंदवणारा नव्हे. तक्रार ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद झाली तर राग धरू नका. तुमची नोंद मूळ नोंदीशी जोडली जाते. ‘मलाही होतंय’ एवढंच लिहिणारी प्रतिक्रिया मात्र टाळा. ती त्या नोंदीवर असलेल्या सगळ्यांच्या मेलमध्ये जाऊन पडते आणि माहिती शून्य. मशीन वेगळं असेल किंवा पायऱ्या कमी करता आल्या असतील तर जरूर लिहा.

‘नीड इन्फो’ (आणखी माहिती हवी) अशी खूण तुमच्या नावावर आली तर उत्तर द्या. बहुतेक चांगल्या तक्रारी इथेच मरतात. काही आठवडे उत्तर आलं नाही की ‘इनकम्प्लीट’ म्हणून नोंद बंद होते. रिग्रेशन नसलेल्या जुन्या बिघाडांना मात्र घाई नसते. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गेलं तरी फायरफॉक्सची टूलटिप (माउस थांबला की दिसणारी छोटी सूचना) पडद्यावर तशीच राहते, अशी तक्रार २००२ मध्ये नोंदली गेली होती. ती दुरुस्त झाली २०२३ मध्ये.

‘फिक्स्ड’ लिहून आल्यावर कोणत्या आवृत्तीत ते पाहा. आवृत्तीचा क्रमांक तुमच्या बीटापेक्षा एकाने मोठा असेल तर दुरुस्ती अजून नाइटलीतच आहे, आणि अपलिफ्ट मागायचं की नाही हे ठरायचं आहे. तुमच्या बीटात आली असेल तर अपडेट घ्या, त्याच पायऱ्या पुन्हा करा आणि निकाल बिल्ड आयडीसकट लिहा. बिघाड उरला असेल तर जुनी नोंद उघडायचा आग्रह धरू नका. नवी नोंद करा आणि जुनीचा क्रमांक तिच्यात द्या, कारण जुन्या नोंदीवरची दुरुस्ती एव्हाना तीन ठिकाणी गेलेली असते आणि तिचा हिशोब पुन्हा विस्कटायला कुणी तयार नसतं.